अरेती उडी मारत नाही

केपरच्या कळ्या तोडायला आपल्याला एकटीला जाता यावं, एवढीच अरेतीची देवाजवळ मागणी होती. बाहत्तर वर्षांच्या बाईची ही काही फार मोठी मागणी म्हणता येणार नाही. तिला सोनं नको होतं, नवरा नको होता. लेफ्कादा बेटाच्या दक्षिण टोकाला जो पांढरा कडा सरळ समुद्रात उतरतो, त्याच्या भेगाभेगांतून केपरची झुडपं लोंबतात. तिथे सकाळी टोपली घेऊन जायचं, तासभर कळ्या खुडायच्या, घरी येऊन मिठात घालायच्या. बस्स. पण बावन्न वर्षांत हे तिला एकदाही साधलं नव्हतं. ती पायवाटेला लागली की कोणी ना कोणी मागे निघालंच म्हणून समजा.

कोणी ना कोणी म्हणजे बहुतेक वेळा शेजारची दियामांदो.

"कुठे गं निघालीस?"

"केपर तोडायला."

"मलाही हवेतच."

"तुझ्या फडताळात तीन बरण्या भरलेल्या आहेत. मी मोजल्यात."

"चौथी भरते. आणि जरा हळू चाल की, अरेती. माझे गुडघे गेलेत. तू माझ्या आधी कड्यावर पोचलीस तर माझा उपयोग काय?"

हे असं का, ते सांगायचं तर दोन बायकांबद्दल बोलावं लागेल. त्यातली पहिली अडीच हजार वर्षांपूर्वीची. ती कवयित्री होती, पलीकडच्या समुद्रातल्या बेटावरची, आणि तिच्या तोडीचं लिहिणारं तेव्हा कोणी नव्हतं. तिच्याबद्दल गोष्ट अशी सांगतात, की उतरत्या वयात ती एका नावाड्याच्या प्रेमात पडली. हा नावाडी साधा, भाडं घेऊन माणसं पोचवणारा. पण त्याने एकदा प्रेमाच्या देवीला फुकट पोचवलं आणि तिने खूश होऊन त्याला मलम दिलं. ते फासून तो देखणा झाला. देखणा झाल्यावर पुरुषाचं जे होतं ते त्याचं झालं. तो कवयित्रीकडे ढुंकून पाहीना, म्हणून तिने एवढा समुद्र ओलांडून लेफ्कादाला येऊन या कड्यावरून उडी घेतली.

खरं असेल का? तिच्या बेटावरचे लोक म्हणतात, साफ थाप. अथेन्सचे प्राध्यापक म्हणतात, नावाडी मुळी नव्हताच. पण दोन हजार वर्षं ज्याच्या त्याच्या हातात लेखणी आली, त्याने त्या बाईला पुन्हा कड्यावर चढवलं. कोणी पत्र रचलं, कोणी शोकांतिका, कोणी चार तासांची संगीतिका. दर वेळी ती रडते आणि दर वेळी उडी मारते. तिच्या स्वतःच्या कवितांच्या चिंध्या उरल्या, उडी मात्र धडधाकट राहिली.

या उडीत आस्प्रोखोरी गावचाही हात आहे. कड्याला सगळ्यात जवळचं गाव तेच. तिथल्या शाळेत एक हेडमास्तर होते, आणि या बेटावर ज्याला पगारी नोकरी आणि दुपारची झोप मिळते तो कवी होतोच. त्यांनी तीन अंकी पद्य नाटक लिहिलं. दर वर्षी पवित्र आत्म्याच्या सोमवारी, म्हणजे जूनच्या सुमाराला, ते गावाबाहेरच्या जुन्या खळ्यावर सूर्य कलताना होतं. खळ्याच्या कडेला दगडी भिंत आहे. कवयित्री शेवटी त्या भिंतीवर उभी राहते, दहा ओळी म्हणते आणि पलीकडे उडी टाकते. पलीकडे मक्याच्या सालपटांच्या तीन गाद्या असतात.

आता दुसरी बाई. अरेती विसाव्या वर्षी कवयित्री झाली. नावाडी झाला मेनिओस. तो खराच नावाडी होता. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये तेव्हा पूल नव्हता, साखळीवर ओढायचा तराफा होता, आणि मेनिओस त्या तराफ्यावर कामाला होता. त्याला मलमाची गरज पडली नव्हती. तो मुळातच देखणा होता आणि ते त्याला कोणी सांगायची गरजही पडली नव्हती. तालमीत जमलं, पाद्र्यासमोर साखरपुड्याच्या अंगठ्या बदलल्या, आणि शरद ऋतूत मेनिओस "दोनच वर्षं" म्हणून मेलबर्नला गेला. एक कांगारूचं पोस्टकार्ड आलं. मग काही नाही. दीड वर्षाने दुसऱ्याच्या पत्रातून कळलं, की मासे तळून विकणाऱ्या एका दुकानदाराच्या मुलीशी त्याने लग्न केलं.

नावाड्याने सोडलेली मुलगी, आणि गावाला लागून तो कडा! आस्प्रोखोरीला आणखी काय हवं होतं? अरेतीच्या आईने तिचे चांगले बूट लपवून ठेवले, जणू सपाता घालून कोणी जीव देत नाही. पुरुषमंडळी कड्याच्या वाटेवर पाळीपाळीने पत्ते कुटत बसू लागली. महिना गेला, वर्ष गेलं, अरेतीने उडी मारली नाही. गाव जरा हिरमुसलं, पण पाळत सुटली नाही. तिला पुन्हा मागणीही आली नाही. मुलगी गुणाची, हाताला वळण, पण उद्या उडी मारली तर? पुढे पत्ते कुटणारे म्हातारे वारले, त्यांच्या लेकी-सुना मागे चालू लागल्या. का चालतो, हे निम्म्याजणींना धड सांगताही आलं नसतं. दिसली अरेती टोपली घेऊन, की हातातलं काम टाकून निघायचं.

कवयित्रीची भूमिका तर अर्थातच काढून घेतली गेली. तिला त्या भिंतीवर कोण उभं करणार? तिला प्रॉम्प्टर केलं. कोपऱ्यात वही घेऊन बसायचं आणि अडलेल्याला ओळ सांगायची.

इथे गावाची चूक झाली. नाटक दर वर्षी तेलाचे, वाइनचे डाग पडून खराब व्हायचं आणि अरेती हिवाळ्यात ते नव्या वहीत उतरवून काढायची. पहिल्या वर्षी नावाड्याचे "संगमरवरी खांदे" गळाले. तिसऱ्या वर्षी त्याला बोट लागू लागली. सातव्या वर्षी त्याची आई नाटकात आली आणि तिला विचारल्याशिवाय त्याला होडी सोडता येईना. पंधराव्या वर्षी तो टकला झाला. असा दर वर्षी थोडा थोडा ध चा मा होत गेला.

"कीरा-अरेती, मागच्या वर्षी हे नव्हतं," एखादा नट अदबीने म्हणायचा.

"होतं. तू विसरलास. प्रॉम्प्टर कोण आहे?"

शेवटच तेवढा राहिला होता. एका वर्षी तिने तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्र्याला विचारलं, की कवयित्रीच्या नावाने चर्चमध्ये कोलिवा ठेवू का. कोलिवा म्हणजे उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम आणि वर साखर. मेलेल्यांसाठी आपण करतो ते. पाद्री दाढीतल्या दाढीत पुटपुटला, "बाप्तिस्मा झालेला नाही. शिवाय आत्महत्या."

"बाप्तिस्म्याला माझा इलाज नाही," अरेती म्हणाली, "उडीचं बघते."

तेव्हापासून आस्प्रोखोरीत कवयित्री केपर तोडायला जाते आणि पाय घसरून पडते. पाहुण्यांना ते फार वास्तववादी वाटतं.

आणि मग या वर्षी ग्रामविकास मंडळाचा अध्यक्ष फोतिस, तिच्या चुलत बहिणीचा मुलगा, दारात येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर तेज होतं.

"मावशी, एकशेवीस खुर्च्या! आणि लाउडस्पीकर."

"कोण मेलं?"

"मेलं नाही, येतंय. मेनिओसकाका. बायको वारली म्हणे दोन वर्षांपूर्वी. सगळं तो देणार. एकच अट आहे, मूळ नाटक करायचं. मास्तरांची टंकलिखित प्रत जपून ठेवलीय त्याने. नावाडी तो होणार."

"पंच्याहत्तराव्या वर्षी?"

"म्हणतो, आवाज अजून तसाच आहे." फोतिस दाराच्या बिजागरीकडे बघू लागला. "आणि कवयित्री तू."

"म्हणजे मी त्याच्यासाठी उडी मारायची. सगळ्या गावासमोर."

"मावशी, तीनऐवजी पाच गाद्या घालू."

अरेतीने दार लावून घेतलं. बावन्न वर्षं उडी न मारणं हे सोपं काम नसतं. रोज करावं लागतं. एकदा त्या भिंतीवरून खाली गेलं, मग ते गाद्यांवर का होईना, की संपलं. गाव समाधानाने म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आणि उरलेल्या आयुष्यात तिच्यामागे एकीऐवजी चौघी चालणार.

पण गावाचा बसण्याचा प्रश्न होता. इतकी वर्षं सगळे खळ्यावरच्या दगडांवर बसून नाटक बघत आले होते. एकेक जण येऊन समजावू लागला. दियामांदो तर रडकुंडीला आली.

"माझ्या गुडघ्यांकडे बघ, अरेती! आणि हे गुडघे कोणापायी गेले? तुझ्या मागे चढून-उतरून गेले. एक खुर्ची माझ्या नशिबात नसावी?"

"शनिवार झाल्यावर सांगते," अरेती म्हणाली.

तो शनिवार मृतात्म्यांचा. त्या दिवशी प्रत्येक घरातून कोलिवाचं ताट येतं, त्यात मेणबत्ती रोवलेली असते, आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर घरातल्या मेलेल्यांची नावं. पाद्री ती सगळी वाचतो. म्हातारा पाद्री ती अशी गिळायचा, की पन्नास वर्षांत कोणाला स्वतःच्या बापाचंही नाव ऐकू आलं नव्हतं. पण तो निवृत्त झाला होता. नवा पाद्री पापा-लाझारोस तरुण, मन लावून काम करणारा, उच्चार घासूनपुसून लख्ख.

मेनिओस आदल्या दिवशीच आला होता. पांढरा सदरा, पांढरा कोट, पांढरे केस. केस अजून होते, ते पाहून अरेती मनातून जराशी चिडलीच. तो सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसला होता आणि प्रत्येक नावाला भक्तिभावाने छातीवर क्रूस काढत होता.

पापा-लाझारोसने अरेतीची चिठ्ठी घेतली. "आंजेलिकी," त्याने वाचलं. ही आजी. "स्तामातिस." आजोबा. "पेलागिया." आई. "अरिस्तोमेनिस."

मेनिओसचा हात कपाळावरून पोटापर्यंत आला, उजव्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

आस्प्रोखोरीत अरिस्तोमेनिस नावाचा माणूस एकच जन्मला होता. त्याला सगळे मेनिओस म्हणायचे. चर्चमधल्या सगळ्या माना पुढच्या खुर्चीकडे वळल्या. मग मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

खरं सांगायचं तर अरेतीही दचकली होती. मेनिओसच्या लग्नाची बातमी आली त्या हिवाळ्यात ती चिठ्ठी उतरवायला बसली होती. आजोबांच्या नावाशी पेन थांबायला हवं होतं, ते आपलं आपण पुढे गेलं. पुढच्या खेपेला जुन्या चिठ्ठीवरून नवी उतरवली. मग आई वारली, तिचं नाव मध्ये बसवलं आणि हे खाली सरकवलं. पुढे दर वर्षी तसंच. खोडायचं राहून गेलं. म्हणजे सवड होती, पण राहून गेलं.

चर्चच्या अंगणात बायका कागदी पिशव्यांतून कोलिवा वाटत होत्या. पापा-लाझारोस धावतच आला, त्याचा चेहरा पांढराफटक.

"कीरा-अरेती! जिवंत माणसाचं नाव मृतांत? केवढं पाप आहे हे!"

"मला काय माहीत जिवंत आहे ते? पत्र आलं नाही."

पाठोपाठ मेनिओस आला. गाव आपोआप गोल करून उभं राहिलं.

"अरेती," तो म्हणाला, "मी मेलो?"

"पन्नास वर्षं झाली. तुला कोणी कळवलं नाही?"

"पन्नास वर्षं तू माझ्यासाठी गहू उकडतेस?"

"वर्षातून तीनदा. घे."

तिने पिशवी पुढे केली. आमच्यात कोलिवा हातात घेतला, की मेलेल्यासाठी चार शब्द बोलल्याशिवाय तोंडात टाकायचा नसतो. ही सवय मेलबर्नलाही सुटत नाही. मेनिओसने पिशवी घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

"त्याचं तो बघेल. तू खा."

तो चावत राहिला. "साखर कमी आहे."

"तुझ्या वाटणीला कमीच घालते."

आता गावाला हसू दाबता येईना. मेनिओसही हसला, पण त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. त्याने पिशवीची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "सोमवारी करशील ना माझ्याबरोबर? एकदाच. मास्तरांनी लिहिलं तसं."

अरेतीने फोतिसकडे बघितलं. "प्रॉम्प्टर कोण?"

"तूच असतेस, मावशी."

"मग मीच. वही माझ्या हातात राहील. कवयित्री आहे, हातात वही शोभते."

खुर्च्यांच्या आनंदात फोतिसला यात काही वावगं दिसलं नाही.

सोमवारी खळ्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या सहा रांगा लागल्या. अरेतीने चादरीचा पायघोळ झगा केला होता, कमरेला आईचा करड्या लोकरीचा पट्टा. पहिला अंक झकास गेला. मेनिओसचा आवाज खरंच तसाच होता, खाडीच्या पलीकडून तराफ्याला हाक मारावी असा. दुसऱ्या अंकात तो दोनदा अडखळला आणि अरेतीने दोनदा ओळ दिली. तो इमानाने ती उचलून मोठ्याने म्हणाला.

तिसऱ्या अंकात तो पुरता थांबला. या अंकात नावाड्याने कवयित्रीला झिडकारून निघून जायचं असतं. टंकलिखित प्रत त्याच्या खिशात होती, पण चष्मा नव्हता. प्राचीन काळचे नावाडी चष्मा लावत नसत म्हणून त्याने स्वतःच तो फोतिसजवळ दिला होता. तो अरेतीकडे बघू लागला. त्याचा सगळा भार तिच्या वहीवर होता.

अरेतीने वहीचं पान उलटलं. पान कोरं होतं.

"मी दोन वर्षांसाठी जातो म्हणालो होतो," तिने हळूच ओळ दिली.

"मी दोन वर्षांसाठी जातो म्हणालो होतो!" मेनिओस गरजला. लाउडस्पीकर नवा होता.

"आणि एक कांगारू पाठवला."

"आणि एक कांगारू..." इथे त्याच्या लक्षात आलं. पण एकशेवीस माणसं समोर बसली होती आणि दुसरी ओळ त्याच्यापाशी नव्हती. "पाठवला," तो म्हणाला.

"अंगठी परत केली नाही."

"अंगठी परत केली नाही."

"पत्र लिहिलं नाही, कारण..."

"पत्र लिहिलं नाही, कारण..."

आणि अरेती गप्प झाली. बावन्न वर्षांत सगळं नाटक तिने नव्याने लिहून काढलं होतं, पण ही ओळ तिला कधी सुचली नव्हती. ती तिच्याकडे नव्हतीच. मेनिओस वाट बघत उभा राहिला. गावाने मान पुढे काढली. मग तो माइकपासून जरा बाजूला झाला, तरी ऐकू आलंच.

"कारण तू उत्तर दिलं असतंस," तो म्हणाला. "तुझ्या उत्तरांना मी इथे असतानासुद्धा भीत होतो, गं."

आधी पुरुष हसले, कारण त्यांना ते पटलं. मग बायका. अरेतीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मग तीही हसली. वही मिटून ती भिंतीवर चढली.

पलीकडे पाच गाद्या होत्या. खालून फोतिस दोन्ही हातांनी त्या सारख्या करत होता. समोर सूर्य समुद्राला टेकायला आला होता. मागे एकशेवीस खुर्च्यांचे पाय एकदम खरखरले. सगळं गाव उठून उभं राहिलं होतं.

"अरेती, नको गं!" दियामांदो किंचाळली.

अरेती वळली. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"बसा," ती म्हणाली. "खुर्च्या कशाला आणल्यात?"

गाव बसलं. अरेती भिंतीवरून अलीकडच्या बाजूला उतरली, एक पाय, मग दुसरा, घाई न करता. तिच्या नाटकातली केपरची टोपली भिंतीच्या आडोशाला पडलेली होती. ती उचलून ती कड्याच्या पायवाटेला लागली. सवयीने दियामांदो उठलीच.

"दियामांदो, तूसुद्धा."

दियामांदो मटकन खाली बसली. "हे बावन्न वर्षांपूर्वी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. दर वेळी."

पुढचा अर्धा तास आस्प्रोखोरी गाव नव्या खुर्च्यांत बसून रिकाम्या पायवाटेकडे बघत होतं. नाटक संपलं की चालू आहे, हे कोणाला ठरवता येईना, त्यामुळे टाळ्या वाजवाव्यात की नाही तेही कळेना. मेनिओस भिंतीला टेकून उभा होता. त्याने खिशातून कालपरवाची कागदी पिशवी काढली आणि उरलेला कोलिवा एकेक दाणा खाऊन संपवला. एकदा वाऱ्याने माइक घुमला तेव्हा चार बायकांनी एकदम क्रूस काढला.

मग चादर दिसली. काट्यांनी ती दोन ठिकाणी फाटली होती. अरेती खळ्यापर्यंत आली तेव्हा पहिल्या रांगेने टोपलीत डोकावून बघितलं. टोपली अर्धी भरली होती.

"काय झालं?" पापा-लाझारोसने न राहवून विचारलं.

"या वर्षी कळ्या बारीक आहेत," अरेती म्हणाली.

तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

दुसऱ्याच दिवशी तिने पापा-लाझारोसला नवी चिठ्ठी नेऊन दिली, जिवंतांची, ज्यांच्या आरोग्यासाठी पाद्री प्रार्थना करतो. त्यात तळाला अरिस्तोमेनिस होता. मेनिओस ऑगस्टपर्यंत गावात राहिला आणि रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून बदामाचं सरबत पीत राहिला. गावाने अर्थातच पुढचा अंक मनात लिहायला घेतला. शेवटी दियामांदोला राहवेना.

"अगं, लग्नाचं विचारलं की नाही त्याने?"

"विचारलं."

"मग?"

"वेड लागलंय का मला?" अरेतीने टोपली काखोटीला मारली. "आत्ता कुठे एकटीने केपर तोडायला मिळताहेत."